प्रॉक्सी

इंजिनिअरिंग कॉलेजात 'प्रॉक्सी' या शब्दाचे दोन अर्थ असतात.

पहिला सगळ्यांना माहीत आहे. सकाळी आठच्या लेक्चरला तुम्ही अंथरुणात असता आणि तिसऱ्या बाकावरून कुणीतरी आवाज थोडा बदलून तुमच्या रोल नंबरला 'येस सर' म्हणतं. माझी रूममेट माझा आवाज इतका छान काढायची की एकदा मी स्वतः वर्गात असताना आम्ही दोघींनी एकदमच 'येस सर' म्हटलं होतं. त्यानंतरचा महिनाभर दोघींची हजेरी फार चोख होती.

दुसरा अर्थ हॉस्टेलवर कळायचा. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये एक आयपी आणि त्यापुढे 3128 हा पोर्ट टाकल्याशिवाय इंटरनेट चालायचं नाही. तो आयपी रेक्टर मॅडमना माहीत नसायचा, सीनियर मुलींना पाठ असायचा. रात्री दहानंतर सगळ्या मजल्यांवरच्या मुली एकदम ऑनलाइन यायच्या आणि पान गोल गोल फिरत राहायचं. 'प्रॉक्सी मेली' असं कुणीतरी पॅसेजमध्ये ओरडायचं. 3128 हा स्क्विड नावाच्या सॉफ्टवेअरचा ठरलेला पोर्ट आहे, हे मला नोकरीला लागल्यावर कळलं. आणि ती प्रॉक्सी मरत का असेल, हे त्याहून बऱ्याच उशिरा. ती कळण्याची गोष्ट सांगते. त्यात शब्दाचे दोन्ही अर्थ आहेत.

मी पुण्यात एका मध्यम आकाराच्या कंपनीत काम करते. तेव्हा आमच्या टीमकडे एका प्रवेश प्रक्रियेचं संकेतस्थळ होतं. वर्षभर त्याच्याकडे कुणी ढुंकून बघायचं नाही. उन्हाळा संपला की यादी लागायची आणि त्या संध्याकाळी जगातले सगळे आई-बाप एकाच पानावर यायचे. अशा गर्दीत मूळ सर्व्हर टिकावा म्हणून त्याच्यापुढे एक कॅशिंग प्रॉक्सी उभी केली होती. स्क्विडच. हे सॉफ्टवेअर 1996 सालचं, म्हणजे जवळजवळ माझ्याच वयाचं. आमच्याकडचं कुणी बसवलं होतं ते कंपनी सोडून गेले होते. चालतंय ना, मग हात लावू नका, या तत्त्वावर ते चाललं होतं.

कॅशिंग प्रॉक्सी म्हणजे काय, हे मी घरच्यांना सांगताना कॉलेजबाहेरच्या झेरॉक्सवाल्याचं उदाहरण देते. एकदा एका हुशार मुलीची वही त्याच्याकडे आली की तो एक प्रत स्वतःकडे ठेवतो. नंतर येणाऱ्या दोनशे जणांना तो तीच काढून देतो. मूळ मुलीला कुणी त्रास देत नाही, तिला अभ्यास करता येतो. प्रॉक्सी हेच करते. यादीची पीडीएफ एकदा मूळ सर्व्हरकडून आणली की पुढच्या हजारो लोकांना आपल्याकडची प्रत देते. फक्त ज्याचं त्याचं स्वतःचं पान, म्हणजे लॉगिननंतरचं, साठवता येत नाही. त्यासाठी तिला दर वेळी आत जावंच लागतं.

आता झेरॉक्सच्या दुकानात कितीही कागद असले, मशीन कितीही वेगवान असलं, तरी काउंटरपुढे एका वेळी किती माणसं उभी राहू शकतात याला मर्यादा असते. सर्व्हरवर ही मर्यादा फाइल डिस्क्रिप्टरच्या संख्येनं ठरते. युनिक्सच्या घराण्यात जवळजवळ प्रत्येक गोष्टीला फाइलसारखं वागवतात. डिस्कवरची फाइल उघडली की प्रोसेसला एक आकडा मिळतो. नेटवर्कवरून कुणी जोडला गेला, तरी एक आकडा मिळतो. सायकल स्टँडवर मिळणाऱ्या पत्र्याच्या बिल्ल्यासारखा. काम संपलं की बिल्ला परत करायचा. प्रत्येक प्रोसेसकडे किती बिल्ले असावेत हे आधीच ठरलेलं असतं, आणि लिनक्सवर कुणी काही बदललं नसेल तर तो आकडा सहसा 1024 असतो.

1024 ऐकायला बरा वाटतो. पण प्रॉक्सीचा खर्च दुहेरी-तिहेरी असतो. ग्राहक जोडला गेला, एक बिल्ला. त्याच्यासाठी मूळ सर्व्हरकडे जावं लागलं, दुसरा. साठवलेली प्रत डिस्कवर असेल तर ती उघडायला तिसरा. शिवाय स्क्विड 100 बिल्ले अडीअडचणीला म्हणून राखून ठेवतं. उरले 924. मोबाइलचा ब्राउझर एका संकेतस्थळाशी साध्या एचटीटीपीवर एकाच वेळी सहा जोडण्या उघडू शकतो. 924 भागिले सहा म्हणजे 154. आणि पान दिसल्यावरही ब्राउझर ती जोडणी लगेच सोडत नाही. पुन्हा लागेल म्हणून धरून ठेवतो, आणि स्क्विडही मुकाट जोडणी ठरलेल्या सेटिंगप्रमाणे दोन मिनिटं राहू देतं. म्हणजे दीडशे मोबाइल आले, पान बघितलं आणि नुसते खिशात गेले, तरी दोन मिनिटं दुकान भरलेलंच.

हे गणित मी फेब्रुवारीतच केलं होतं.

एका चाचणीच्या वेळी लॉगमध्ये ओळ दिसली होती: 'वॉर्निंग! युअर कॅश इज रनिंग आउट ऑफ फाइलडिस्क्रिप्टर्स.' मी इंटरनेटवर शोधलं, दहा जणांनी सांगितलेलं उत्तर सापडलं. 'लिमिट्स डॉट कॉन्फ' नावाच्या फाइलमध्ये दोन ओळी लिहा, आकडा 65535 करा. मी लिहिल्या. मग टर्मिनलमध्ये 'युलिमिट'ची आज्ञा देऊन त्या खिडकीपुरती मर्यादा लगेच वाढवली, सर्व्हिस बंद केली आणि त्याच टर्मिनलमधून स्क्विड हातानं सुरू केलं. सुरू होताना ते लॉगमध्ये आपल्याकडे किती डिस्क्रिप्टर आहेत ते लिहितं. तिथं 65535 आलं. मी त्या ओळीचा स्क्रीनशॉट तिकिटाला जोडला, 'डन' केलं आणि मैत्रिणीच्या लग्नासाठी कोल्हापूरची बस पकडली. बसमध्ये छान झोप लागली. एखादी गोष्ट पूर्ण केल्यावर लागते तशी.

जुलैतल्या त्या दिवशी यादी संध्याकाळी पाचला लागणार होती. पाच वाजून चार मिनिटांनी पहिला फोन आला. पान उघडत नाही. एरर येत नाही, नुसतं फिरतंय.

मी ग्राफ उघडले. सीपीयू जेमतेम दहा टक्के. मेमरी अर्धी रिकामी. मूळ सर्व्हर तर आरामात बसलेला, कारण त्याच्यापर्यंत कुणी पोचतच नव्हतं. सर्व्हर दमला असेल तर काय करायचं ते आम्हाला माहीत होतं. हा दमलेला नव्हता. हा नुसता दार लावून उभा होता. बिल्ले संपले की स्क्विड मरत नाही, ते नव्या लोकांना आत घेणं थांबवतं. येणारे बाहेर, ऑपरेटिंग सिस्टमच्या रांगेत उभे राहतात. त्यांना नाही म्हणूनही कुणी सांगत नाही. त्यामुळे लोक काय करतात? रिफ्रेश. म्हणजे रांगेत आणखी सहा जण.

गोल फिरणाऱ्या त्या चकतीकडे मी बघत होते आणि मला 2015 सालची संध्याकाळ आठवत होती. आमच्या गावात एसटी स्टँडसमोर एक सायबर कॅफे होता. माझी प्रवेशाची यादी लागणार होती. बाबा स्कूटर बाहेर लावून, हेल्मेट हातातच घेऊन माझ्या खुर्चीमागे उभे होते. पान फिरत होतं. कॅफेवाल्याचे तासाला वीस रुपये होते आणि बाबा दर दहा मिनिटांनी घड्याळ बघत होते, पण 'चल' म्हणत नव्हते. शेवटी रात्री साडेआठला पान उघडलं. तोवर आम्ही दोघं एकमेकांशी एक शब्दही बोललो नव्हतो. त्या पानामागे कुठंतरी माझ्यासारखी एक मुलगी बसलेली असेल, असा विचार तेव्हा माझ्या डोक्यात येणं शक्यच नव्हतं.

लॉग उघडला. तीच वॉर्निंग. आणि वर, सुरू होतानाची ओळ: 1024.

मला पहिल्यांदा वाटलं, कुणीतरी फाइल बदलली. 'लिमिट्स डॉट कॉन्फ' उघडली. माझ्या दोन ओळी जशाच्या तशा होत्या. 65535. फाइल एक सांगत होती, लॉग दुसरंच. चालू प्रोसेसच्या मर्यादा बघता येतात, 'प्रॉक' नावाच्या फोल्डरमध्ये तिच्या क्रमांकाखाली 'लिमिट्स' अशी फाइल असते. ती बघितली. दोन आकडे होते. पहिला 1024, दुसरा 5,24,288. पहिला म्हणजे सॉफ्ट लिमिट, आत्ता लागू असलेली. दुसरा म्हणजे हार्ड लिमिट, प्रोसेस स्वतः मागून जिथपर्यंत जाऊ शकते ती. म्हणजे सिस्टमनं पाच लाखांवर बिल्ले देऊ केले होते. आम्ही मागितलेच नव्हते.

मग लख्ख उजेड पडला, आणि उजेडात जे दिसलं ते छान नव्हतं. 'लिमिट्स डॉट कॉन्फ' ही फाइल माणूस लॉगिन करतो तेव्हा वाचली जाते. मशीन सुरू होताना सर्व्हिसेस सुरू करतं ते सिस्टमडी. तिथं कुणी लॉगिन करत नाही, त्यामुळे ती फाइल कुणी वाचतही नाही. सर्व्हिसची मर्यादा सर्व्हिसच्या स्वतःच्या फाइलमध्ये, 'लिमिट नो फाइल' या नावानं लिहावी लागते. फेब्रुवारीत जे 65535 दिसलं ते माझ्या टर्मिनलचं होतं. माझ्या हातानं सुरू केलेल्या प्रोसेसला ते माझ्याकडून वारशानं मिळालं होतं. ती प्रोसेस पाच महिने चालली. आदल्या रात्री सुरक्षेच्या अपडेटसाठी मशीन रीबूट झालं, स्क्विड पहिल्यांदाच माझ्या हाताविना उठलं, आणि 1024 वर परत गेलं.

माझी दुरुस्ती कधी झालीच नव्हती. माझ्या एका दुपारची मुदत पाच महिने लांबली होती, एवढंच.

घाईत माणूस जे करतो ते मी केलं. सर्व्हिसच्या फाइलमध्ये आकड्याच्या जागी 'इन्फिनिटी' लिहिलं. कटकटच नको. स्क्विड उठलंच नाही. मेमरी मिळत नाही म्हणून आपटलं. कारण स्क्विड सुरू होतानाच जितके डिस्क्रिप्टर मिळतील तितक्यांचा तक्ता मांडून ठेवतं. आमच्या मशीनवर अनंत म्हणजे 107 कोटी 37 लाख 41 हजार 816 होते. एका खणाला 300 बाइट धरले तरी 300 जीबीच्या वर जातं. मशीनची मेमरी 16 जीबी होती. मर्यादा काढून टाकली तर सगळं सुरळीत होईल, ही समजूत त्या दिवशी वीस सेकंदांत गेली.

65536 लिहिलं. सहा वाजून पाच मिनिटांनी पान उघडलं. आमच्या ग्रुपवर टाळ्या पडल्या. वीस मिनिटांनी पुन्हा पानं अडखळायला लागली.

मर्यादांचं असं असतं, एक दार मोठं केलं की लोक पुढच्या दारापाशी चेंगरतात. आता प्रॉक्सीतून मूळ सर्व्हरकडे जाणाऱ्या जोडण्यांना पोर्ट मिळत नव्हते. लिनक्स बाहेर जाणाऱ्या जोडण्यांसाठी साधारण 32768 ते 60999 हे पोर्ट वापरतं, म्हणजे 28,232. जोडणी बंद झाली तरी तो पोर्ट 60 सेकंद 'टाइम वेट'मध्ये अडकून राहतो, वाटेत रेंगाळलेलं एखादं पॅकेट चुकून नव्या जोडणीत शिरू नये म्हणून. 28,232 भागिले 60, सेकंदाला 470 नव्या जोडण्या. एकाच सर्व्हरच्या एकाच पोर्टकडे त्याहून जास्त वेगानं जाता येत नाही. आणि आमच्या कॉन्फिगमध्ये कुणीतरी, कधीतरी, काही कारणानं मूळ सर्व्हरशी जोडणी टिकवून ठेवायचं सेटिंग बंद करून ठेवलेलं होतं. दर विनंतीला नवी जोडणी, नवा पोर्ट. झेरॉक्सवाल्यानं दर पानासाठी त्या मुलीच्या घरी नव्यानं जाऊन बेल वाजवावी तसं. ते सेटिंग चालू केलं. सात वाजायच्या सुमारास ग्राफ सपाट झाला. तोवर दोन तास गेले होते.

त्या रात्री घरी आल्यावर मी 1024 हा आकडा कुठून आला ते वाचत बसले. झोप येणार नव्हतीच. 1983 मध्ये बर्कलीच्या युनिक्सबरोबर 'सिलेक्ट' नावाची सोय आली. अनेक जोडण्यांपैकी कुणाला काही म्हणायचंय हे एका वेळी विचारायची पद्धत. तिच्यात प्रत्येक डिस्क्रिप्टरला एक बिट असतो. लिनक्सच्या सी लायब्ररीत त्या यादीची लांबी ठरली 1024 बिट, म्हणजे 128 बाइट. 1999 मध्ये डॅन केगेल या प्रोग्रॅमरनं प्रश्न मांडला की एका सर्व्हरनं एकाच वेळी दहा हजार ग्राहक का सांभाळू नयेत. त्याच सुमारापासून नव्या पद्धती आल्या, लिनक्सवर 'ईपोल' आलं, बिटांची ती यादी लागेनाशी झाली. पण जुने प्रोग्रॅम अजून 'सिलेक्ट' वापरतात. त्यांना 1024 च्या वरचा आकडा मिळाला तर ते स्वतःचीच मेमरी खराब करतात. म्हणून 2018 च्या डिसेंबरमध्ये सिस्टमडीनं हार्ड लिमिट पाच लाखांवर नेली, तरी सॉफ्ट लिमिट 1024 च ठेवली. ज्याला जास्त पेलतं त्यानं तसं सांगावं आणि मागून घ्यावं. न सांगणाऱ्याला आपण जुनाच समजू.

मला हे फार समजूतदार वाटलं. 1024 हा कुणाचा मूर्खपणा नव्हता. ज्याला पेलणार नाही अशा कुणासाठी तरी ठेवलेला कठडा होता. आणि एखादा प्रोग्रॅम बिल्ले परत करायला विसरत असेल, तर तोच कठडा त्याला पूर्ण मशीन खाण्याआधी अडवतो. फक्त तो आपल्यासाठी नाही हे सांगायचं काम माझं होतं, आणि मी ते चुकीच्या खिडकीत सांगून आले होते.

गोष्ट इथं संपली असती तर ती मी लिहिली नसती.

दुसऱ्या दिवशी अकराला मीटिंग होती. स्क्रीनवर एक शीट. 'मूळ कारण' या रकान्यात कुणीतरी आधीच लिहून ठेवलं होतं: यादीच्या आदल्या रात्री रात्रपाळीच्या ऑपरेटरनं सर्व्हर रीबूट केला.

तो ऑपरेटर म्हणजे बीडकडचा एक मुलगा. बाहेरच्या एजन्सीकडून कंत्राटावर आलेला. तेवीस वर्षांचा असेल. रात्रीचे अलर्ट बघणं, यादीप्रमाणे अपडेट टाकणं, सकाळी मेल करणं, एवढं त्याचं काम. मी त्याला एकदाच प्रत्यक्ष भेटले होते, कॅन्टीनमध्ये. नाइट शिफ्ट संपवून तो पोहे खात होता आणि मला बघून अर्धवट उठून उभा राहिला होता. रीबूट त्यानंच केला होता, बरोबर. पण वेळापत्रकात लिहिला होता म्हणून. ते वेळापत्रक आमच्या टीमनं मंजूर केलं होतं.

मीटिंगला त्यालाही जोडून घेतलं होतं. रात्रभर जागा होता, आवाज बसलेला. त्याला विचारलं, यादी आहे हे माहीत असताना रीबूट का केला? तो म्हणाला, "सर, लिस्टमध्ये होतं. पण माझ्याकडून झालं, सॉरी सर." त्याच्या एजन्सीचे साहेब लगेच म्हणाले की त्याला या अकाउंटवरून काढतो, तुम्ही काळजी करू नका. आमचे मॅनेजर 'हं' म्हणाले. शीटमधला पुढचा रकाना आला.

मी म्यूटवर होते. मला माहीत होतं की रीबूट हे कारण नाही. रीबूटनं फक्त दाखवून दिलं. मशीन रीबूट होणारच असतं. आज नाही तर उद्या, अपडेटनं नाही तर वीज गेल्यामुळं. रीबूटनंतर टिकत नाही ती दुरुस्ती नसते, आणि ती माझी होती. तिकिटावर माझं नाव होतं, स्क्रीनशॉट होता, 'डन' होतं. माझं बोट म्यूटच्या बटणावर होतं. ते मी दाबलं नाही. मीटिंग चाळीस मिनिटं चालली. अप्रेझल ऑगस्टमध्ये होतं, हेही माझ्या डोक्यात होतं, खोटं कशाला बोलू.

मी स्वतःला बरंच काही समजावलं. सिस्टमचाच दोष आहे. इंटरनेटवर दहा जणांनी तेच लिहिलंय. एजन्सीवाले त्याला दुसरीकडे लावतीलच. कुणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं.

संध्याकाळी सहाला त्याचा फोन आला. मला वाटलं, आता रडेल किंवा मला शब्द टाकायला सांगेल. तो म्हणाला, "मॅडम, डिस्टर्ब करतोय. फक्त एक विचारायचं होतं. मी नेमकं काय चुकलो तेवढं सांगाल का? म्हणजे रीबूटनंतर मी काय चेक करायला पाहिजे होतं? दुसरीकडे गेल्यावर परत तीच चूक नको."

मी काहीच बोलले नाही काही वेळ. त्याला वाटलं फोन कटला. "हॅलो? मॅडम?"

मला एकदम तिसरा बाक आठवला. कॉलेजात माझ्या जागी कुणी 'येस सर' म्हणायचं तेव्हा तिला माहीत असायचं की ती माझ्यासाठी म्हणतेय. उद्या मी तिच्यासाठी म्हणणार असायचे. या मुलानं माझ्या रोल नंबरला ओ दिली होती आणि त्याला ते माहीतही नव्हतं. त्याला वाटत होतं तो नंबर त्याचाच आहे.

"तू काहीच चुकला नाहीस," मी म्हटलं. मग त्याला सगळं सांगितलं. फेब्रुवारी, टर्मिनल, लिमिट्स डॉट कॉन्फ, सिस्टमडी. सांगायला अर्धा तास लागला, कारण तो मध्ये मध्ये थांबवून लिहून घेत होता. एकदा म्हणाला, "म्हणजे फाइलवर विश्वास ठेवायचा नाही, चालू प्रोसेसला विचारायचं." मी फेब्रुवारीत जे शिकायला हवं होतं ते त्यानं एका वाक्यात म्हटलं. मला जे ऐकायची भीती होती, ते त्यानं शेवटपर्यंत म्हटलं नाही. "थँक्यू ताई" म्हणाला. मॅडमची ताई कधी झाली ते कळलंच नाही.

फोन ठेवून मी मेल लिहिला. मीटिंगला असलेल्या सगळ्यांना, एजन्सीच्या साहेबांनाही. चार परिच्छेद. मूळ कारण: फेब्रुवारीतला बदल सर्व्हिसला लागू झालाच नव्हता, तो मी केला होता, आणि रीबूट करून तपासला नव्हता. रीबूट ठरल्याप्रमाणे झाला होता. मीटिंगमध्ये मी हे सांगायला हवं होतं, सांगितलं नाही. हे शेवटचं वाक्य मी तीनदा खोडलं आणि तीनदा परत लिहिलं.

कुणीच ओरडलं नाही. मॅनेजरचं उत्तर एका ओळीचं आलं: 'ओके, शीट अपडेट कर.' अप्रेझलमध्ये त्याचा उल्लेख झाला, थोडा कमी आकडा आला, बस. ज्याची मला एवढी भीती वाटत होती ते एवढंसंच होतं. पण त्या मुलाला एजन्सीनं तोवर दुसऱ्या क्लायंटकडे हलवलं होतं, आणखी लांबच्या ऑफिसात. मी साहेबांना फोन करून परत आणायला सांगितलं. ते म्हणाले, आता तिकडे अॅडजस्ट झाला तो. माझा मेल चोवीस तासांच्या आत गेला होता. तो चाळीस मिनिटांत जायला हवा होता.

पुढच्या वर्षी यादीच्या आठवडाभर आधी आम्ही मुद्दाम प्रॉक्सी रीबूट केली, भर दुपारी, सगळे जागे असताना. उठल्यावर चालू प्रोसेसला विचारलं. 65536. मग एका चाचणीनं तिच्यावर खोटी गर्दी सोडली आणि कुठला आकडा आधी संपतो ते लिहून ठेवलं. डिस्क्रिप्टर, पोर्ट, मेमरी, तिन्हींच्या समोर एकेक ओळ: ही मर्यादा का ठेवली, कुणी ठेवली, कधी. 'कुणी' या रकान्यात तीन ठिकाणी माझं नाव आहे.

तो मुलगा कधी कधी मेसेज करतो. मागच्या दिवाळीत त्यानं एक स्क्रीनशॉट पाठवला. त्याच्या नव्या ठिकाणचा कुठलातरी सर्व्हर, 'प्रॉक'मधली तीच 'लिमिट्स'ची फाइल, आणि 1024 वर लाल वर्तुळ. खाली लिहिलं होतं: 'ताई, यांचं पण तसंच आहे. सांगू का त्यांना?'

मी लिहिलं, 'सांग. मीटिंगमध्येच सांग.'